पुढचं डावं चाक

“आबा, हात नका लावू,” मी दबक्या आवाजात म्हणाले. तोवर त्यांचा उजवा हात पालथा होऊन चाकाच्या मधल्या टोपणाला टेकलाही होता. टेकला आणि चटका बसून मागं आला.

“आयला! हे लई तापलंय,” आबा बोटांवर फुंकर घालत म्हणाले. मग गाडीला वळसा घालून पलीकडच्या पुढच्या चाकाशी उकिडवे बसले. तिथंही तोच पालथा हात. या वेळी तो निवांत टेकून राहिला. “आणि हे बघ, कोमट. ये हिकडं, तू पण लाव.”

मी लावला नाही. कुणी आपल्याकडं बघतंय का, ते मी बघत होते.

कापलेल्या गवताच्या त्या शेतात शंभरेक जुन्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या. निळ्या, लाल, एखादी नुसत्या पत्र्याच्या रंगाची. दारांवर पांढऱ्या गोलात आकडे. पेट्रोल आणि भाजलेल्या सॉसेजचा एकत्र वास येत होता. साठी-सत्तरीची माणसं पांढरे झगे चढवून शाळकरी पोरांसारखी एकमेकांना हाका मारत होती. फ्रान्सच्या खेड्यांतून उन्हाळ्यात अशा शर्यती होतात. डोंगरावर जाणारा रस्ता दोन दिवस बंद करतात, वळणांवर गवताचे भारे रचतात, आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या गाड्या एकेक करून घाट चढतात. सगळ्या वर पोचल्या की रांगेनं खाली येतात, आणि कडेची माणसं पहिल्यासाठी जेवढ्या टाळ्या वाजवतात तेवढ्याच शेवटच्यासाठीही वाजवतात. आबांना ते फार आवडलं होतं. “हरणाऱ्याला पण टाळ्या! हे आपल्याकडं न्यायला पायजे,” असं ते सकाळपासून दोनदा म्हणाले होते.

सरावाची फेरी नुकतीच संपली होती. आबांनी हात लावलेली गाडी एकसष्ट नंबरची होती. आणि ती माझ्या साहेबीणबाईंच्या नवऱ्याची होती.

मी तेव्हा लिऑनमध्ये एका कचेरीत दोन वर्षं तात्पुरती काम करत होते. मिरेय आमच्या विभागाची प्रमुख. मला कायम करायचं की नाही, ते ती त्याच आठवड्यात ठरवणार होती. नाही म्हणाली असती तर व्हिसा संपून मला दोन महिन्यांत कोल्हापूरला परतावं लागलं असतं. अशात आबा आल्याचं कळल्यावर तिनं एकदा जेवणाच्या सुट्टीत विचारलं, “तुझे वडील काय करतात?” मी म्हणाले, “मोटारींच्या व्यवसायात आहेत.” तिचे डोळे चमकले. “मग ते आलेत तर रविवारी मोंव्हेरच्या शर्यतीला आणच त्यांना! माझ्या नवऱ्याला, एतियेनला, बोलायला माणूस मिळेल.”

मोटारींच्या व्यवसायात! आबांचं उद्यमनगरात पत्र्याच्या छपराचं गॅरेज होतं. पाटीवर नाव होतं बाळकृष्ण साळोखे, पण सगळं कोल्हापूर त्यांना साळोखे मिस्त्री म्हणायचं. आई गेल्यानंतरच्या वर्षी मी त्यांना तीन आठवड्यांसाठी बोलावून घेतलं, तेव्हा विमानतळावरच्या ट्रेमध्ये त्यांनी खिशातून काढून ठेवलं ते असं: पाकीट, चष्मा आणि खडूचे दोन तुकडे.

खडू म्हणजे त्यांची सही. गाडीचं काम झालं की ते स्वतः एक चक्कर मारून आणत, मग उतरून पुढच्या टायरवर खडूनं बरोबरची खूण करत. मनाजोगतं नसेल तर फुली. फुली असलेली गाडी मालकानं हात जोडले तरी, आमदाराचा फोन आला तरी फाटकाबाहेर जात नसे. “फुली मारली म्हंजे ती माझी गाडी. पुसली म्हंजे तुझी,” असं ते मालकाला सांगत. मला आठवतं तसं, कुणीही कधी पुसली नव्हती.

तर मोंव्हेरच्या त्या शेतात आबा उठले, गुडघे झाडले आणि म्हणाले, “बोलीव त्या मालकाला.”

“कशाला?”

“आगं, बेरिंग कसलंय जास्त. नट गच्च आवळलाय कुणीतरी. हे असंच घाटात नेलं तर बेरिंग जाम हुतंय, आणि मग चाक बुडापासनं जातंय.”

“आबा, गाड्या आत्ता उतारावरून आल्यात. ब्रेक तापले असतील.”

माझ्याकडं त्यांनी जरा कौतुकानंच पाहिलं. मिस्त्रीची पोर बोलली म्हणून. “शाब्बास. पण ब्रेक तापलं तर दोन्ही बाजूचं तापत्यात. आणि तापत्यात ते कडेला. हे मधोमध तापलंय. आणि ही गाडी मला सांगू नको. हिचंच पुढं आपल्याकडं पद्मिनी झालं. दोन हजार तरी बेरिंगं बदलली असतील मी ह्या गाडीची.”

एवढ्यात मिरेय आणि एतियेन आलेच. मिरेयनं गवती टोपी घातली होती. एतियेन उंच, लालसर चेहऱ्याचा, हातात कॉफीचा कागदी पेला. त्यानं आबांचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. आबांच्या नखांतलं काळं त्याला दिसलं असणार असं मला वाटलं, आणि माझे कान तापले.

“कशी वाटली माझी म्हातारी?” एतियेननं विचारलं. “सगळं माझ्या हातानं केलंय. तीन हिवाळे घातले हिच्यात. पुढची चाकं तर मागच्याच आठवड्यात नव्यानं बसवली.”

मी आबांना सांगितलं, “कशी वाटली विचारतायत.”

“गाडी फस्क्लास हाय म्हणावं. पर पुढचं डावं चाक सोडव. बेरिंग तापलंय, नट ढिला कर, न्हाईतर आज पळवू नको. जॅक दिला तर मी धा मिनटात करून देतो म्हणावं.”

तिघंही माझ्याकडं बघत होती. मिरेयच्या ओठांवर वाट पाहणारं हसू होतं.

मी आता कितीदा तरी त्या क्षणाशी जाऊन उभी राहिले आहे. फार सोपं होतं. बेरिंगला काय म्हणतात ते मला येत होतं, सगळंच येत होतं. पण मला दिसला तो जॅक लावून त्या गवतात पाठीवर आडवा झालेला माझा बाप, शर्ट वर सरकलेला, आणि त्याच्याभोवती जमलेले मिरेयचे मित्र. मोटारींच्या व्यवसायात म्हणे! आणि तीन हिवाळे स्वतःच्या हातानं खपलेल्या माणसाला, त्याच्या बायकोदेखत, कसं सांगायचं की तुला नट आवळता आला नाही? त्याच आठवड्यात ती माझ्या नावापुढं हो किंवा नाही लिहिणार होती.

“ते म्हणतात,” मी हसून म्हणाले, “इतकी सुंदर राखलेली गाडी त्यांनी आयुष्यात पाहिली नाही. भारतात या गाडीची टॅक्सी होती. त्यांना घरची आठवण आली.”

एतियेन खुश झाला. “मेर्सी, मस्यो! मेर्सी!” त्यानं डोक्यावरची स्वतःची टोपी काढली, शर्यतीच्या नावाची, आणि आबांच्या डोक्यावर ठेवली. मिरेयनं फोटो काढला. फोटोत आबांची टोपी तिरकी आहे आणि ते एतियेनकडं न बघता खाली चाकाकडं बघतायत.

ती दोघं कुणालातरी भेटायला पुढं गेली. आबांनी टोपी काढून हातात घेतली.

“सांगितलंस न्हवं?”

“हो.”

“बेरिंगचं?”

“हो, आबा. बघतो म्हणाला. त्याची माणसं आहेत.”

“बिघाड सांगितल्यावर हसणारा मालक आज बघितला,” आबा म्हणाले. मग खिशातून खडू काढला, वाकले, आणि पुढच्या डाव्या टायरवर वीतभर लांबीची ठसठशीत फुली मारली.

“आबा! हे काय करताय?”

“त्याची माणसं येतील त्यांना कळाय नको, कुठलं चाक ते?”

तेवढ्यात ध्वनिक्षेपकावर काहीतरी पुकारलं गेलं, लोक कुंपणाकडं सरकले. आबांना लघवीला जायचं होतं. कोपऱ्यातल्या निळ्या केबिनी मी त्यांना दाखवल्या. ते पाठमोरे झाले आणि मी एकसष्ट नंबरच्या गाडीपुढं एकटीच राहिले. काळं टायर, पांढरी फुली. तिथून जाणाऱ्या एका जोडप्यानं तिच्याकडं बघून एकमेकांना काहीतरी विचारलं.

माझ्या पर्समध्ये ओले रुमाल असत. मिरेयसाठी मुद्दाम चढवलेल्या काळ्या कोटातच मी खाली बसले आणि फुली पुसली. एका रुमालानं भागलं नाही, रबरात खडू बसला होता. दुसरा घेतला. मग उठून तो बोळा कचऱ्याच्या पिंपात टाकला. हे सगळं मिनिटभरात झालं असेल.

आबा येईपर्यंत गाड्यांना रांगेत लावायला सुरुवात झाली होती. एतियेन हेल्मेट घालून आत बसला, त्यानं आम्हाला हात केला. गाडी आमच्या अगदी समोरून, माणसाच्या चालीनं, रस्त्याकडं गेली. आबा चाकाकडं बघत होते. चाक एक फेरा फिरलं, दुसरा फिरलं. टायर काळंशार होतं. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. नजर माझ्या चेहऱ्यावरून खाली हाताकडं आली, तिथं जरा थांबली, आणि ते म्हणाले, “चल, वर जाऊ. बसायला जागा बघू.”

आम्ही चढण चढून तिसऱ्या वळणाशी आलो. रस्ता तिथं उजवीकडं वळतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाला थोडा उंचवटा होता, त्यावर दोरी बांधून प्रेक्षकांना जागा केली होती. सगळ्यात पुढं एक म्हातारं जोडपं घडीच्या खुर्च्या टाकून बसलं होतं. मध्ये टोपली, टोपलीत पाव आणि कलिंगडाच्या फोडी. बाईच्या मांडीवर विणकाम. आबा मला म्हणाले, “ह्यांना म्हणावं, उठा. पलीकडं आतल्या अंगाला बसा.”

“आबा, प्लीज. परवानगी आहे इथं बसायला. दोरी लावलीय.”

“तू सांगतीस का मी सांगू?”

“लोकांना कशाला त्रास द्यायचा?” मी कळवळून म्हणाले. “आपण पाहुणे आहोत इथं.”

“बरं,” आबा म्हणाले आणि स्वतः पुढं झाले. त्या म्हाताऱ्यासमोर वाकून त्यांनी नमस्कार केला. मग हातानं रस्ता दाखवला, मूठ गोल फिरवून चाक दाखवलं, ते उडून खुर्चीवर आल्याचं दाखवलं. तोंडानं मोटारीचा आवाजसुद्धा काढला. बाई हसायला लागली. म्हातारा “नों, नों” म्हणत राहिला. तेव्हा आबांनी सरळ त्यांची टोपली उचलली आणि पलीकडं चालायला लागले. टोपलीमागं ती दोघं, आपापल्या खुर्च्या घेऊन, कुरकुरत. आजूबाजूला हशा पिकला. झेंडा घेऊन उभी असलेली पिवळ्या जाकिटातली बाई म्हणाली, “काय झालं?” मी तिला म्हणाले, “माफ करा, ते जरा… म्हातारे आहेत.”

आबा तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते.

त्यांनी त्या जोडप्याला वळणाच्या आत एका झाडाखाली बसवलं, मग बाहेरच्या अंगाला उरलेल्या सात-आठ जणांनाही हाताला धरधरून हलवलं. लोकांना आता ती गंमत वाटत होती. कुणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारली. मी वीस पावलं लांब जाऊन उभी राहिले, माझा कुणाशी संबंध नसल्यासारखी.

गाड्या यायला लागल्या. अर्ध्या-अर्ध्या मिनिटाला एक. खालून आधी आवाज यायचा, डोंगर घुमायचा, मग झाडांतून काचेचा लखकन् उजेड, आणि गाडी वळणावर अंग टाकून निघून जायची. सत्तावन्न. अठ्ठावन्न. आबा मान खाली घालून नुसते ऐकत होते. साठ नंबर गेल्यावर त्यांनी एतियेनची टोपी छातीशी धरली.

एकसष्टचा आवाज मलाही वेगळा वाटला. म्हणजे आता वाटतं तसं. इंजिनाच्या मागं एक बारीक किंचाळी होती. गाडी वळणात शिरली, डाव्या पुढच्या अंगावर झुकली, आणि तो कोपरा अचानक खाली बसला. चाक सुटून निघालं. सुटलेलं चाक गाडीपेक्षा जोरात पळतं हे मला माहीत नव्हतं. ते गवताच्या भाऱ्यांवर आपटून उंच उडालं, दोरीवरून गेलं, आणि ज्या जागी टोपली होती तिथं पडून, पुन्हा उसळून, मागच्या कुंपणात घुसलं. गाडी रस्ता खरवडत आडवी झाली आणि दगडी बांधावर बाजूनं आदळली.

माणसं ओरडली नाहीत. एकदम शांत झाली. मग पिवळ्या जाकिटातल्या बाईनं लाल झेंडा हलवायला सुरुवात केली, आणि माझ्या शेजारून आबा धावत गेले. त्यांनीच प्रथम दरवाजा गाठला. तो उघडत नव्हता. आत हात घालून त्यांनी चावी फिरवली, इंजिन बंद केलं, आणि एतियेनचा हात धरून तिथंच बसून राहिले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत “नो मूव्ह, सर, नो मूव्ह” एवढंच म्हणत. अँब्युलन्स येईपर्यंत त्यांनी तो हात सोडला नाही.

मिरेय धापा टाकत वर आली. टोपी कुठंतरी पडली होती. तिनं मला घट्ट मिठी मारली. का, कुणास ठाऊक. मी सगळ्यांत जवळ होते म्हणून असेल.

एतियेनची मांडी दोन ठिकाणी मोडली होती. तो वाचला. पण त्याचा पाय कायमचा आखडला, आजही तो काठी घेऊनच चालतो. गाडी पुन्हा उभी राहिली नाही. जुन्या गाड्यांचं असंच असतं, असं सगळे म्हणाले. परतीच्या बसमध्ये आबा खिडकीशी बसले होते. मी पाणी दिलं तर ते न पिता त्यांनी रुमाल भिजवला आणि हात पुसत राहिले.

“पाय राहील न्हवं त्याचा?” एवढंच त्यांनी विचारलं.

“राहील.”

“मी धरून थांबवाय पायजे होतं,” ते म्हणाले. आणि मी, जिनं ते ऐकलं, मी म्हणाले, “तुमची काय चूक, आबा? तुम्ही सांगितलंत. त्यानं ऐकलं नाही.”

त्यांनी रुमाल पुन्हा भिजवला.

गुरुवारी मिरेयनं मला तिच्या खोलीत बोलावलं. ती रात्रंदिवस दवाखान्यात होती, डोळे सुजले होते, तरी माझा कागद तिनं तयार ठेवला होता. कायम. “तुझ्या वडिलांनी त्या दोघांना उठवलं नसतं तर एतियेन स्वतःला कधी माफ करू शकला नसता,” ती म्हणाली. “त्यांना कसं कळलं गं?”

“त्यांना गाड्यांचं कळतं,” मी म्हणाले, आणि सही केली.

दर नव्या वर्षाला उद्यमनगरच्या पत्त्यावर एतियेनचं कार्ड यायचं. आबा ते मला फोनवर दाखवायचे, मी वाचून दाखवायची: मस्यो साळोखे, आपली आठवण रोज येते. आबा “हं” म्हणायचे आणि टोपीचा विषय काढायचे नाहीत. ती टोपी मी पुन्हा त्यांच्या डोक्यावर पाहिली नाही.

याला आता नऊ वर्षं झाली. मधल्या काळात माझं लग्न झालं, मुक्ता झाली. गेल्या दिवाळीत तिला घेऊन कोल्हापूरला गेले. मुक्ता अडीच वर्षांची, जे दिसेल ते हातात घेण्याच्या वयाची. एका सकाळी आम्ही गॅरेजवर गेलो. कामं आता माझा चुलतभाऊ संभाजी बघतो. आबा खुर्चीवर बसून असतात, विचारलं तर सांगतात. टायरवर खूणही संभाजीच करतो. मी समजत होते, गुडघ्यांमुळं.

मुक्तानं कुठल्याशा खणातून खडू शोधून काढला आणि दारात उभ्या असलेल्या गाडीच्या टायरवर रेघोट्या ओढल्या. पांढऱ्या, वेड्यावाकड्या, एकमेकींत गुंतलेल्या. “अगं अगं, कुणाची गाडी ती!” म्हणत मी धावले, पिशवीतून ओला रुमाल काढला आणि टायरपुढं बसले.

“ऱ्हाऊ दे,” मागून आबा म्हणाले. “खोडू नको.”

आवाज मोठा नव्हता. पण माझा हात टायरपाशीच थांबला. मागं वळून बघायला मला फार वेळ लागला.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हणाले.

आबांनी मुक्ताला मांडीवर घेतलं. तिच्या मुठीतला खडू हळूच सोडवून बाजूला ठेवला.

“काळा कोट हुता तुझा,” ते म्हणाले. “उजव्या बाहीला खडू लागलेला. एवढा.” त्यांनी अंगठा आणि बोट यांत अंतर धरलं. मुक्ता ते बोट पकडायला लागली.

“मग बोलला का नाहीत? तिथल्या तिथं मला का नाही…”

“काय बोलू? बोललो असतो तर माझी पोर खोटं बोलली हे तितल्या चारचौघांत निघालं असतं. तुझी नोकरी हुती. तुला माझी लाज वाटत हुती, ते तर सकाळपासनं दिसत हुतं मला. त्याचं काय वाटलं न्हाई. मिस्त्री माणूस, तेल लागलेला हात, पोरगी शिकली की वाटायचीच.” त्यांनी मुक्ताला मांडीवर नीट बसवलं. “म्हटलं, लोकांना तरी बाजूला करू. म्हटलं, नशिबानं चाक तगलं तर तगलं. बाप होऊन बसलो, वृषाली. मिस्त्री व्हायचं सोडून. तो माणूस हात धरून मला मेर्सी मेर्सी करत हुता गं, पाय मोडलेला. तवापासनं खडू धरला न्हाई. कुठल्या तोंडानं धरायचा?”

समोर संभाजी कुणाशी तरी क्लचप्लेटवरून भांडत होता. मी तो ओला रुमाल हातात घेऊन तशीच बसून राहिले. आबांनी नऊ वर्षं माझं पाप आपल्या नावावर ठेवलं होतं आणि मी त्यांना म्हणाले होते, तुमची काय चूक.

आज दुपारी मुक्ता झोपल्यावर एतियेनला पत्र लिहायला बसले. ही तिसरी दुपार. एकदा ती मध्येच उठली, आणि एकदा मीच कागद फाडला. मिरेय आता निवृत्त झाली आहे, माझं तिच्यावाचून काही अडत नाही. म्हणून हे धाडस आता येतंय, हेही मला कळतं, आणि त्याचीही लाज वाटते. कोल्हापुरात संध्याकाळ झाली असेल म्हणून आबांना फोन लावला.

“आबा, त्या दिवशी तुम्ही मला नेमकं काय सांगायला सांगितलं होतं? शब्दाला शब्द.”

“कशाला आता?”

“एतियेनला लिहितेय.”

पलीकडं बराच वेळ नुसतं गॅरेज ऐकू येत होतं. हातोडी, कुणाचीतरी शीळ.

“गाडी फस्क्लास हाय म्हणालो,” आबा म्हणाले. “ते आधी लिही, ते खरं हाय. मग लिही, पुढचं डावं चाक सोडव. नुसतं चाक लिहू नको. पुढचं डावं. बेरिंग तापलंय, नट ढिला कर. न्हाईतर आज पळवू नको.”

मी लिहीत होते. फ्रेंचमध्ये ते एवढं छोटं वाक्य होतं की एका ओळीत मावलं.

“आणि जॅकचं?” मी विचारलं.

“व्हय. धा मिनटात करून देतो म्हणालो हुतो. ते पण लिही.” मग म्हणाले, “आणि खडूचं?”

“तेही लिहिते, आबा. मी पुसला ते.”

“हं.”

आतल्या खोलीत मुक्ता कूस बदलून कुरकुरली. आता पाचेक मिनिटंच हातात होती.

“काय म्हणेल तो वाचून, कुणास ठाऊक,” मी म्हणाले.

“काय म्हणंल ते म्हणंल,” आबा म्हणाले. “पर ह्या खेपंला हसायचा न्हाई बघ.”